साष्टीचे मोल

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, ते चिमाजी अप्पांच्या फौजांनी १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत पोर्तुगीजांशी झुंजून मिळवले. आणि चिमाजींच्याच सख्ख्या पुतण्याने, रघुनाथरावाने म्हणजे राघोबादादाने, ते पुढे इंग्रजांना लिहून दिले. हे कसे घडले याचा उगम ज्याला मनुष्यस्वभावात शोधावयाचा असेल, त्याने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ हे १९०९ सालचे नाटक वाचावे.

अटकेपर्यंत दौड मारणाऱ्या राघोबादादाला पराक्रमाची वाण नव्हती. परंतु पुण्याची मसनद आपलीच, ही वासना एकदा मनात घर करून बसल्यावर, ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात, जीव वाचवण्यासाठी आपल्याच कमरेला मिठी मारणाऱ्या अठरा वर्षांच्या पुतण्याला, पेशवे नारायणरावाला, गारद्यांच्या तलवारींपासून सोडवणे त्याला साधले नाही. गारद्यांना दिलेल्या हुकुमातील ‘धरावे’चे ‘मारावे’ राघोबाच्या पत्नीने, आनंदीबाईने, केले, असे परंपरा सांगते. ते खरे असो वा नसो, ‘ध’ पुसून तेथे ‘मा’ लिहिणारा तो बोरू मला कोणत्याही खंजिरापेक्षा भयंकर वाटतो.

शिरवाडकरांनी १९५४ साली ‘राजमुकुट’ म्हणून मराठीत आणलेल्या मॅकबेथची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि आनंदीबाईत त्याच्या राणीची छाया अनेकांना दिसली आहे. मात्र मॅकबेथला भर मेजवानीत जे भूत दिसते, ते येथे दिवसाढवळ्या न्यायासनावर बसलेले आहे. कारण ज्याच्यापाशी ना फौज ना खजिना, तो रामशास्त्री प्रभुणे प्रत्यक्ष पेशव्याच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगतो, आणि त्या क्षणी हाती आलेले राज्य राघोबाच्या दृष्टीने रिकामे होऊन जाते. खाडिलकरांची खरी थोरवी या प्रसंगात आहे.

इतिहासानेही तेच केले. नारायणरावाच्या मरणोत्तर जन्मलेल्या मुलाच्या नावाने बारभाई म्हणवणाऱ्या मुत्सद्द्यांनी कारभार हाती घेतला. परागंदा झालेल्या राघोबाने ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई देऊ केली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्याच्या वाट्याला दरमहा २५ हजारांची नेमणूक आली, आणि पुढल्याच वर्षी कोपरगावी तो वारला. वसई परत मिळाली, साष्टी मिळाली नाही.

बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात किंवा मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात हे नाटक कोणी उभे केलेच, तर वाचकहो, अवश्य जा. तुमची खुर्ची जिच्यावर मांडलेली असेल, ती जमीन त्याच तहनाम्यातली आहे.