जीआरईच्या तयारीला 2011 पूर्वीचे सल्ले कशाला?

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला एखाद्याने जीआरई द्यायची ठरवली की दोन गोष्टी त्याच्याकडे न मागता येतात: सीनियरने वापरलेलं बॅरन्सचं जाडजूड पुस्तक आणि त्याच सीनियरचे, किंवा त्याच्याही सीनियरचे, सल्ले. दोन्ही आपुलकीने दिलेले असतात. पण ईटीएस या संस्थेने ही परीक्षा ऑगस्ट 2011 मध्ये मुळापासून बदलली आणि 22 सप्टेंबर 2023 पासून तिला पुन्हा कात्री लावली. कानावर येणारे अनेक सल्ले या बदलांच्या आधीचे आहेत. मुलं त्यांवर महिनेच्या महिने घालवतात, याचं फार वाईट वाटतं.

सगळ्यांत चिवट गैरसमज शब्दपाठांतराचा. साडेतीन हजार शब्दांची यादी पाठ झाली की व्हर्बल, म्हणजे भाषेचा विभाग, सुटला, असं अजूनही सांगितलं जातं. जुन्या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या विचारत. आगेमागे वाक्य नसे, शब्द माहीत असला तर गुण, नसला तर नाही. हे दोन्ही प्रकार 2011 मध्येच गेले. आता व्हर्बलचे जवळपास निम्मे प्रश्न उताऱ्यांवर असतात. बाकीच्यांत वाक्यातल्या किंवा छोट्या परिच्छेदातल्या गाळलेल्या जागा भरायच्या असतात, किंवा सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे असतात की दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच निघावा. तीन जागांपैकी दोन बरोबर भरल्या तरी गुण शून्य. शब्दसंग्रह लागतोच, त्यात वाद नाही. पण लेखक कुठे वळला, कुठे त्याने आधीच्या विधानाला मुरड घातली, हे ज्याला कळत नाही त्याला पाठ केलेला शब्द कुठे बसवायचा तेही कळत नाही. म्हणून रोज एक गंभीर इंग्रजी लेख सावकाश वाचून त्याचा युक्तिवाद आपल्या शब्दांत मांडणं, हा यादीपेक्षा जास्त उपयोगी सराव आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांना मुद्दाम सांगायचं, की इथे कुणी तुमचे उच्चार किंवा बोलण्यातली सफाई तपासत नाही. तपासतात ती वाचनातली पकड, आणि ती मराठी वाचनातूनही घडलेली असते.

दुसरा गैरसमज आपल्याकडे विशेष जोरात आहे: ‘गणित काय, दहावीचं आहे, आपण इंजिनीअर.’ क्वांटचा, म्हणजे गणिताच्या विभागाचा, अभ्यासक्रम खरोखर शालेय आहे. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि माहितीचं विश्लेषण. त्रिकोणमिती नाही, कॅल्क्युलस नाही. पण प्रश्नांची चाल वेगळी आहे. दोन राशी देऊन मोठी कोणती ते विचारतात. समजा, क्ष शून्यापेक्षा मोठा आहे. तर क्ष मोठा की क्षचा वर्ग? घाईतला इंजिनीअर वर्गावर खूण करून पुढे जातो. क्ष 2 असेल तर तो बरोबर. क्ष 1 असेल तर दोन्ही समान. क्ष अर्धा असेल तर वर्ग लहान. म्हणून उत्तर ‘दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही’. अपूर्णांक, ऋण संख्या आणि शून्य तपासून पाहण्याची सवय लागलेली नसेल तर असे प्रश्न भराभर चुकतात. भूमितीच्या आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतीलच असं नाही, त्यामुळे डोळ्यांवर विसंबता येत नाही. पडद्यावर साधा कॅल्क्युलेटर मिळतो. पण बेरीज-गुणाकार त्याच्यावर सोडता आले तरी हा विचार सोडता येत नाही.

‘पहिले पाच प्रश्न चुकले की संपलं’ हाही जुन्या काळातला धाक. 2011 पूर्वी संगणक प्रत्येक उत्तर पाहून पुढचा प्रश्न निवडायचा आणि मागे फिरता येत नसे. आता व्हर्बल आणि क्वांटचे प्रत्येकी दोन सेक्शन असतात. पहिला कसा सोडवला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. सेक्शनच्या आत मात्र प्रश्न सोडता येतो, खूण करून ठेवता येते, परत येऊन उत्तर बदलता येतं आणि सगळ्या प्रश्नांचं वजन सारखंच असतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. गेट परीक्षेच्या सवयीने जागा रिकाम्या सोडणारे इथे हकनाक गुण घालवतात.

परीक्षा पावणेचार तासांवरून एक तास 58 मिनिटांवर आली, तेव्हा ‘आता सोपी झाली’ अशी आवई उठली. हिशेब करून पाहावा. व्हर्बलला 27 प्रश्न, 41 मिनिटं. क्वांटला 27 प्रश्न, 47 मिनिटं. म्हणजे प्रश्नामागे अनुक्रमे दीड आणि पावणेदोन मिनिटं, जवळपास पूर्वीइतकीच. गेला तो गुण न मिळणारा प्रायोगिक सेक्शन, ‘आर्ग्युमेंट’वरचा निबंध आणि मधली सुट्टी. गुणांची पट्टी 130 ते 170 हीच आहे, पण पूर्वी त्यासाठी एका विषयाचे 40 प्रश्न मोजत, आता 27. साहजिकच एकेक चूक जास्त महाग पडते. 2011 ते 2023 मधली पुस्तकं मात्र फेकू नयेत. व्हर्बल आणि क्वांटचे प्रश्नप्रकार तेच आहेत, फक्त आर्ग्युमेंटचं प्रकरण वगळावं.

निबंध आता एकच, अर्ध्या तासाचा. पाठ केलेला साचा चालतो हा भ्रम सोडावा: निबंध माणूसही वाचतो, संगणकही, आणि इतरांच्या लेखनाशी साम्य शोधणारी प्रणाली ईटीएसकडे आहे. विषयांचा संपूर्ण संच त्यांच्या संकेतस्थळावर खुला असताना साचे पाठ करण्यात वेळ का घालवावा?

एकूण 320 म्हणजे उत्तम, हे वाक्यही अर्धवट आहे. क्वांटमध्ये 160 मिळवणारा साधारण मधोमध असतो. व्हर्बलमध्ये तेवढेच गुण मिळवणारा 80 टक्क्यांहून अधिक परीक्षार्थींच्या पुढे जातो. त्यामुळे बेरीज एकच असली तरी इतिहासाच्या आणि कॉम्प्युटर सायन्सच्या विभागाला तिच्यात वेगवेगळं दिसतं. अमेरिकेतल्या अनेक विभागांनी तर जीआरईची अट काढून टाकली आहे, काहींनी ऐच्छिक ठेवली आहे. क्लासची फी भरण्याआधी आपल्या यादीतल्या प्रत्येक विभागाचं प्रवेशाचं पान वाचावं. विद्यापीठाचं नव्हे, विभागाचं.

एकदा गुण कमी पडले की कायमचा डाग लागला, असं घरच्यांना वाटतं. तसं नाही. 21 दिवसांनी पुन्हा बसता येतं, 12 महिन्यांत पाच वेळा, आणि कोणत्या वेळचे गुण विद्यापीठाला पाठवायचे ते आपण निवडतो. गुण पाच वर्षं ग्राह्य राहतात. ईटीएसच्या पॉवरप्रेपमधल्या दोन सराव परीक्षा फुकट आहेत. दोन्ही शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवण्याची पद्धत चुकीची आहे. पहिली तयारी सुरू करण्याआधीच, घड्याळ लावून द्यावी. कच्चं काय आहे ते तिच्यातूनच कळतं, आणि पुस्तकं कोणती घ्यायची ते त्यानंतर ठरवावं.