शिक्क्याखालची जमीन

बेळगाव-निपाणी भागातल्या जुन्या घराचा माळा साफ करायला काढला की तांब्या-पितळेच्या भांड्यांमागून कधीतरी एक कळकट फडकं निघतं. आत मोडीचे कागद. दप्तरखान्यात या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. घरात कुणालाच ते वाचता येत नाही आणि टाकायचा धीरही होत नाही. "जमिनीचं काहीतरी असेल," म्हणून फडक्याला पुन्हा गाठ बसते. अंदाज बहुधा बरोबर असतो.

जुन्या कागदांवरच्या सह्या जमवण्याचा छंद अमेरिकेत भारी. तिथल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर छप्पन्न जणांनी सह्या केल्या. त्या सगळ्यांच्या हातचा एकेक कागद मिळवण्यात लोकांची उमर जाते. घोडं अडतं ते बटन ग्विनेट नावाच्या गृहस्थापाशी. १७७६ साली सही केली आणि १७७७ मध्ये द्वंद्वयुद्धात मेला. मागे सह्या राहिल्या मोजक्याच, म्हणून त्या सोन्याच्या भावाच्याही पुढे गेल्या. मोठेपणाला नव्हे, दुर्मिळतेला भाव!

आपल्याकडचा कागद या हिशेबात बसत नाही, कारण मुळात त्यावर नावाची सहीच नसते. वर मुद्रा, शेवटी मोर्तब. मोर्तब म्हणजे 'इथे मजकूर संपला, पुढे कुणी काही घुसडू नये' असं सांगणारा छोटा शिक्का. शिवाजी महाराजांचा 'मर्यादेयं विराजते', पेशव्यांचा 'लेखनसीमा'. कागद लांब असेल तर तुकडे चिकटवून जोडत आणि पाठीमागे सांध्यावरही शिक्का मारत. 'रुजू', 'बार' हे शेरे म्हणजे कागद कचेरीतल्या कुणाकुणाच्या हातून गेला त्याची खूण. तारीख अरबी शब्दांत. 'समान अशर मयातैन व अलफ' म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार: सुहूर सन १२१८. त्यात ५९९ मिळवले की १८१७ येतं, पेशवाईचा शेवट.

मला विचाराल तर पेशव्यांच्या सनदेपेक्षा गावचा महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, अधिक वाचनीय. वतनाचा तंटा गोतात निवडला की हजर असलेल्यांची नावं खाली येत आणि नावापुढे ज्याची त्याची निशाणी: पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, न्हाव्याचा आरसा. अक्षर न येणारा माणूसही तिथे साक्षीला उभा आहे. बाजारात मात्र अशा महजराला कुणी विचारत नाही. गिऱ्हाइकाला हवी असते नावाजलेली मुद्रा.

हे कागद राहिले ते हौसेमुळे नाही, धास्तीमुळे. १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला. पुढे कंपनी सरकारने विचारायला सुरुवात केली की तुमच्या इनामाला आधार काय. दक्षिण महाराष्ट्रात ही चौकशी १८४३ पासूनच सुरू झाली आणि १८५२ च्या कायद्याने तिला धार आली. सनद दाखवा, नाहीतर जमीन सरकारजमा. ज्याची सनद वाळवीने खाल्ली त्याचं इनामही वाळवीनेच खाल्लं म्हणायचं. १८५८ मध्ये नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी चार्ल्स मॅन्सन या इंग्रजाला मारलं. इंग्रजांनी दत्तक नाकारल्याचा राग तर होताच, पण हा मॅन्सन आधी इनामांच्या चौकशीवर काम केलेला अधिकारी होता, हेही ध्यानात ठेवावं. भाव्यांना फाशी दिली ती बेळगावात.

निपाणीची गोष्ट याच पेटाऱ्यातली. सिद्धोजीराव निंबाळकर, निपाणकर देसाई, १८०३ मध्ये आपलं घोडदळ घेऊन आर्थर वेलस्लीबरोबर होते. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि त्याच्या छापील पत्रव्यवहारात सिद्धोजीराव 'आप्पा देसाई' या नावाने पुन्हा पुन्हा भेटतात. नेपोलियनला हरवणाऱ्या माणसाच्या पत्रांत निपाणी! १८३९ मध्ये संस्थान खालसा झालं, तेव्हा ती जुनी सोबत कामी आली नाही.

इनामांच्या चौकशीची दप्तरं पुण्याला गेली आणि पेशवे दप्तराशेजारी ठेवली गेली. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात आलं, दप्तर पुण्यातच राहिलं. त्यामुळे सनद इकडच्या माळ्यावर आणि तिची चौकशी तिकडच्या फडताळात, अशी ताटातूट आहे. सीमाप्रश्नावर तावातावाने बोलणाऱ्या आपण मंडळींनी या दोन्हींची जोडणी फारशी मनावर घेतलेली नाही. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी शाळेतली नोकरी सांभाळून पटवर्धनांची दप्तरं उपसली आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला घेतला. निपाणीच्या वाट्याला असा शास्त्री आला नाही.

मुंबई राज्यात १९५० च्या सुमारास वतनं आणि इनामं कायद्याने संपली. कागदाखालची जमीन गेली तशी कागदाची धास्तीही गेली, आणि रुमाल रद्दीवाल्याकडे जाऊ लागले. एका रद्दीच्या दुकानात मी स्वतः मोडीच्या कागदात बांधलेली शेंगदाण्याची पुडी हातात घेतली आहे. पुडी उलगडली तेव्हा शेवटची ओळ तेलात विरघळली होती.

आता उलटं वारं आहे. जुना कागद म्हटलं की किंमत विचारतात, आणि किंमत आली की बनावटही येते. राज्याभिषेक शक १६७४ मध्ये सुरू झाला. तो घातलेलं १६६५ चं 'शिवकालीन' पत्र कुणी दाखवलं तर हात जोडून निघावं. विकणाऱ्यांनीही जाणून असावं की १९७२ च्या कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मोलाचं, पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं. त्याच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही.

तुमच्या माळ्यावर रुमाल असेल तर तो मोडी येणाऱ्या माणसापुढे एकदा तरी सोडा. कागदांचे फोटो काढा, पाठीमागचेसुद्धा. सांध्यावरचे शिक्के आणि शेरे तिथेच असतात. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका.