व्हेनिसच्या अनाथालयांतील संगीत : त्याचीं हस्तलिखितें व त्याचीं स्थळें

(१) जुन्या कागदाची परीक्षा कशी करावी याचे नियम आपल्याकडे आतां बरेच स्थिर झाले आहेत. कागद, शाई, अक्षराचें वळण, मिति व शिक्का हीं तपासल्यावांचून कोणीही जाणता संशोधक एखादें पत्र अस्सल म्हणून स्वीकारीत नाहीं. परंतु ज्या स्थळाशीं त्या कागदाचा संबंध सांगितला जातो, त्या स्थळाची परीक्षा तितक्याच कसोशीनें होतेच असें नाहीं. ‘अमुक पुरुष येथें बसत असे’ असें वाटाड्यानें सांगितलें व तें दोन छापील पुस्तकांत उतरलें, कीं तेंच पुराव्यासारखें फिरूं लागतें. स्थळाची परीक्षा न केल्यानें काय घोटाळा होतो, आणि ती केल्यानें हस्तलिखिताचा अर्थ कसा उलगडतो, हें दाखविणारें एक बोधप्रद उदाहरण इटलींतील व्हेनिस शहरांत आहे. तें संग्राहकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें थोडक्यांत देत आहों.

(२) व्हेनिस येथें बेनेदेत्तो मार्चेल्लो (१६८६–१७३९) या संगीतकाराच्या नांवाचें एक संगीतविद्यालय आहे. तें इ. स. १८७६ मध्यें निघालें व इ. स. १९४० मध्यें सरकारी झालें. पिसानी नामक सरदार घराण्याच्या प्रचंड जुन्या वाड्यांत तें भरतें. तेथील शिक्षक व विद्यार्थी यांचे जलसे या वाड्यांत व शहरांतील इतर जुन्या वास्तूंत होत असतात, आणि त्यांपैकीं पुष्कळांना प्रवेश विनामूल्य असतो. वरवर पाहतां यांत विशेष असें कांहीं नाहीं. परंतु जुन्या वास्तूंत, मोल न घेतां, शिकणाऱ्यांनीं लोकांना संगीत ऐकवावें ही या शहराची फार जुनी वहिवाट आहे, व तिचे कागद याच विद्यालयाच्या ग्रंथालयांत आहेत.

प्रथम नांवाचाच विचार करूं. इटलींत संगीतविद्यालयास ‘कॉन्सर्व्हातोरिओ’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ ‘रक्षणगृह’ असा आहे. सोळाव्या शतकांत नेपल्स शहरीं निराश्रित मुलांकरितां अशीं चार गृहें निघालीं. मुलांना पुढें पोट भरतां यावें म्हणून त्यांस गायनवादन शिकविण्यांत येऊं लागलें, आणि हळूहळू तेंच शिक्षण मुख्य होऊन बसलें. म्हणजे जें राखावयाचें तें आधीं मूल होतें. संगीत मागाहून आलें.

(३) व्हेनिसमध्यें हेंच कार्य चार धर्मार्थ संस्था करीत. पिएता ही त्यांत सर्वांत जुनी, चौदाव्या शतकांतील असून टाकून दिलेल्या अर्भकांकरितां होती. इन्कुराबिली ही असाध्य रोग्यांकरितां, मेंदिकांती ही भिकाऱ्यांकरितां, व जिला ओस्पेदालेत्तो म्हणत ती निराधारांकरितां निघाली. नेपल्समध्यें हें शिक्षण मुलग्यांस मिळे, व्हेनिसमध्यें मुलींस. प्रत्येक संस्थेंत निवडक मुलींचा ताफा असे. प्रार्थनेच्या वेळीं त्या उंच सज्जांत लोखंडी जाळीआड बसून गात व वाजवीत. हें सर्व उपासनेचाच भाग असल्यामुळें प्रवेशास मोल नसे. खुर्ची हवी असल्यास तिचें भाडें पडे, आणि तें व दानाचा पैसा संस्थेच्या उपयोगीं येई. प्रार्थनामंदिरांत टाळ्या वाजविण्याची चाल नसल्यामुळें श्रोते खोकून व नाकें शिंकरून आपली पसंती दर्शवीत, असें प्रवाशांनीं नमूद केलें आहे.

परकी प्रवाशांचे हे समकालीन उल्लेख फार मोलाचे आहेत. द ब्रोस हा फ्रेंच गृहस्थ इ. स. १७३९ मध्यें, व बर्नी हा इंग्रज संगीतेतिहासकार इ. स. १७७० मध्यें व्हेनिसला आला. दोघांनींही या संगीताची वाखाणणी केली आहे. रूसो हा इ. स. १७४३–४४ मध्यें तेथील फ्रेंच वकिलाचा चिटणीस होता. मेंदिकांती येथील स्वरांनीं आपणास कसें वेड लावलें व त्या जाळीचा आपणास किती राग येई, हें त्यानें आत्मचरित्रांत सांगितलें आहे. जाळीची ही तक्रार आपण लक्षांत ठेवूं. पुढें ती उपयोगीं पडेल.

(४) आतां हस्तलिखितांकडे वळूं. पिएता येथें इ. स. १७०३ मध्यें अंतोनियो विवाल्दी हा तरुण पाद्री व्हायोलिनचा शिक्षक म्हणून नेमला गेला. मध्यें खंड पडले, तरी इ. स. १७४० पर्यंत त्याचा या संस्थेशीं संबंध कमीअधिक टिकून होता. इ. स. १७४१ मध्यें तो व्हिएन्ना येथें वारला. पिएताच्या वादक मुलींत आन्ना मारिया ही अत्यंत नांवाजलेली होती. या मुलींना आडनांव नसे. म्हणून वाद्यावरून नांव पडे, व हिला ‘व्हायोलिनवाली आन्ना मारिया’ म्हणत. तिच्या नांवाची वही वर सांगितलेल्या विद्यालयाच्या ग्रंथालयांत आज सुरक्षित आहे. तींत सुमारें तीस रचना असून बहुतेक विवाल्दीच्या आहेत. परंतु वहींत आहेत ते केवळ तिच्या व्हायोलिनचे स्वर. त्या काळीं प्रत्येक वादकास फक्त त्याच्या भागाची नक्कल करून देत. सर्व वाद्यांचे स्वर एकाखालीं एक मांडलेली मूळ प्रत रचनाकाराजवळ राही. यामुळें ही वही वाचणें म्हणजे पत्रव्यवहारांतील एकाच पक्षाचीं पत्रें वाचण्यासारखें आहे. कांहीं रचनांचा तर एवढाच अंश उरला आहे.

दुसरा पक्ष सांपडला तो ट्युरिन येथें, आणि त्याची हकीकत कोणाही संग्राहकानें मनांत धरावी अशी आहे. इ. स. १९२६ मध्यें पीदमाँत प्रांतांतील एका धार्मिक विद्यालयानें आपल्याजवळील जुने संगीतग्रंथ विकावयास काढले. ट्युरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातर्फे आल्बेर्तो जेंटिली या अध्यापकांनीं ते तपासले, तों त्यांत विवाल्दीच्या हस्ताक्षरांतील रचनांचे चौदा खंड निघाले. ग्रंथालयाजवळ पैसा नव्हता. तेव्हां रोबेर्तो फोआ या गृहस्थानें आपल्या मृत बालकाच्या स्मरणार्थ तो संग्रह विकत घेऊन दिला. खंडांचा क्रम तुटलेला पाहून संग्रहाचा अर्धा भाग अन्यत्र असला पाहिजे, असें अनुमान जेंटिली यांनीं बांधलें. शोध करतां तो भाग जेनोआच्या दुरात्सो घराण्यांत सांपडला, व इ. स. १९३० मध्यें फिलिप्पो जोर्दानो यांनीं, तेही पुत्रशोकांत असतांना, तो विकत घेऊन ग्रंथालयास दिला. इ. स. १९३९ मध्यें सिएना येथील कीजी घराण्याच्या वाड्यांत भरणाऱ्या संगीतसंस्थेनें विवाल्दी-सप्ताह साजरा केला व यांतील रचना लोकांनीं पुन्हां ऐकिल्या. मात्र जेंटिली ज्यू असल्यामुळें इ. स. १९३८ च्या वंशविषयक कायद्यांनीं त्यांचें अध्यापनपद तत्पूर्वींच गेलें होतें. ज्यानें दप्तर वांचविलें त्यासच आपल्या जागेवरून उठावें लागलें, ही गोष्ट या इतिहासांतून गाळतां येत नाहीं.

(५) कागदांचा मेळ असा बसला. आतां स्थळांचा पाहूं. व्हेनिसच्या समुद्रकिनाऱ्यावरील पिएताचें प्रार्थनामंदिर ‘विवाल्दीचें मंदिर’ म्हणून प्रसिद्ध आहे, व त्याचें संगीत तेथें ऐकावयास प्रवासी गर्दी करतात. परंतु जोर्जो मास्सारी या वास्तुकारानें बांधलेल्या या मंदिराचा आरंभ इ. स. १७४५ चा, पूर्तता इ. स. १७६० ची, आणि दर्शनी भाग पुरा झाला तो तर विसाव्या शतकांत. विवाल्दी इ. स. १७४१ मध्येंच वारला होता. त्यानें या भिंतींत एकही स्वर ऐकणें शक्य नाहीं. त्याच्या वेळचें मंदिर लगतच्या जागेंत होतें. मितीचा हा एवढा उघड विरोध असूनही समजूत टिकून आहे, याचें कारण नांव तेंच राहिलें व संस्थाही तीच राहिली. आपल्याकडेही एका वाड्याचें नांव त्याच जागेवरील दुसऱ्या वाड्यास चिकटतें, तसाच हा प्रकार.

इतर स्थळांची स्थिति निरनिराळी आहे. इन्कुराबिलीचें मंदिर इ. स. १८३१ मध्यें पाडण्यांत आलें. तेथील संगीत आतां कागदावरच आहे. मेंदिकांतीचें मंदिर उभें असून ती वास्तु शहराच्या रुग्णालयांत सामावली आहे. ओस्पेदालेत्तो येथें इ. स. १७७६ च्या सुमाराचें संगीतदालन शाबूत आहे, आणि त्याच्या भिंतीवर याकोपो ग्वाराना यानें अपोलो देवतेभोंवतीं गाणाऱ्या व वाजविणाऱ्या मुली रंगविल्या आहेत. हें दालन मात्र अस्सल साक्षीदार होय. पण तें विवाल्दीनंतरच्या पिढीचें.

(६) मग मास्सारीच्या मंदिरांत विवाल्दी वाजविणें व्यर्थ काय? तसें म्हणतां येणार नाहीं. तें विवाल्दीचें स्थळ नव्हे. पण याच संस्थेनें याच मुलींकरितां बांधलेलें तें मंदिर आहे, व त्यांतील उंच सज्जे आणि जाळ्या आजही जागेवर आहेत. रूसोची तक्रार तेथें समजते. स्वर वरून येतो, गाणारी दिसत नाहीं, आणि कोणता स्वर कोणाचा हें ओळखणें कठीण जातें. विवाल्दीच्या रचनांत पुरुषांचे म्हणून समजले जाणारे खर्जाचे भाग आहेत. संस्थेंत तर सर्व स्त्रिया. हे भाग कोण गात असे, हा प्रश्न अभ्यासकांत बराच चर्चिला गेला आहे. पिएताच्या कागदांत खर्जाच्या आवाजावरून नांव पडलेल्या स्त्रियांचे उल्लेख आहेत, आणि केवळ स्त्रियांनीं या रचना गाऊन दाखविल्याही आहेत. म्हणजे कागदानें शंका उपस्थित केली, दुसऱ्या कागदानें उत्तर सुचविलें, व प्रत्यक्ष गायनानें तें शक्य असल्याचें दाखविलें. जलसा हा येथें करमणूक न राहतां संशोधनाचें एक साधन होतो. आणि तो विनामूल्य असल्यास ही परीक्षा थोड्या जाणत्यांपुरती न राहतां, ज्या लोकांच्या दानावर हें संगीत वाढलें त्यांच्या वंशजांसमोर होते.

(७) आपल्यापुरता बोध असा. विवाल्दी पिएताकरितां रचना करीत होता त्याच सुमारास तंजावरास तुळजाजी ऊर्फ तुकोजी भोसले (राज्य इ. स. १७२८–१७३६) यांनीं ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ रचिला. तंजावरचीं मराठी नाटकें व पदें सरस्वतीमहालांत पोथीरूपानें आहेत, व त्याच राजवाड्यांत संगीतमहालही उभा आहे. कागद व स्थळ असें एका आवारांत असणें हें मोठें भाग्य होय. परंतु ‘अमुक नाटक याच दालनांत झालें’ असें लिहिण्यापूर्वीं दालनाची मिति व नाटकाची मिति शेजारीं शेजारीं मांडून पाहावी. तसेंच पदांची किंवा कीर्तनाची जुनी वही हातीं आली, कीं ती कोणाच्या घरांतून आली एवढेंच टिपून न थांबतां, ती कोणत्या देवळांत अगर वाड्यांत, कोणत्या प्रसंगीं व कोणाच्या गळ्यांतून म्हटली जाई, हेंही जुनीं माणसें आहेत तोंवर विचारून वहीसोबत लिहून ठेवावें. आन्ना मारियाच्या वहीचा दुसरा पक्ष अडीचशें मैलांच्या आंत सांपडला, तरी त्यास दोनशें वर्षें लागलीं. माहितगार माणूस एकदां गेला कीं त्याच्या आठवणीची दुसरी प्रत कोणत्याही दप्तरांत सांपडत नाहीं.