दृष्टिदोषांवरील लेसर शस्त्रक्रिया : उपद्रव व शस्त्रक्रियोत्तर सुधारणा

चष्मा किंवा स्पर्शभिंग यांच्यावाचून स्पष्ट दिसावे यासाठी डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलाची, म्हणजे स्वच्छमंडलाची, वक्रता लेसर किरणांच्या साहाय्याने बदलण्याच्या शस्त्रक्रिया. व्यवहारात ‘लेसरने नंबर घालविणे’ असे म्हणतात ते यांनाच. मधुमेहामुळे बिघडलेल्या जालपटलावर, काचबिंदूवर किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर गढूळ झालेल्या आवरणावर लेसरने केले जाणारे उपचार निराळे असून त्यांचा येथे विचार केलेला नाही. तेथे रोग अंधत्वाकडे नेणारा असतो व उपचाराचा थोडा त्रास रुग्ण स्वीकारतो. निकटदृष्टिता, दूरदृष्टिता व अबिंदुकता या दोषांत मात्र डोळा बहुधा निरोगी असतो आणि साध्या चष्म्याने काम भागत असते. त्यामुळे या शस्त्रक्रियेच्या दुष्परिणामांना लावावयाची कसोटी अधिक कडक असणे क्रमप्राप्त आहे.

डोळ्याची एकूण प्रणमनशक्ती सुमारे ६० डायॉप्टर असून तीपैकी सुमारे ४३ डायॉप्टर एकट्या स्वच्छमंडलाची असते. मध्यभागी त्याची जाडी सरासरी ५४० मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त असते. यातील सर्वांत वरचा, सुमारे ५० मायक्रॉन जाडीचा उपकलेचा थर झिजतो आणि पुन्हा वाढतो. त्याखालील कोलॅजेन तंतूंचा मुख्य थर मात्र एकदा काढला की पुन्हा भरून येत नाही. लेसर जे ऊतक काढतो ते याच थरातील होय. ६ मिमी. व्यासाच्या क्षेत्रात १ डायॉप्टर निकटदृष्टिता घालविण्यासाठी स्थूलमानाने १२ मायक्रॉन जाडीचा भाग काढावा लागतो. म्हणजे ६ डायॉप्टरच्या दोषासाठी सुमारे ७२ मायक्रॉन ऊतक कायमचे जाते. व्यास वाढविला, तर ही खोली त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पुढे सांगितलेल्या बहुतेक गुणदोषांचे मूळ या साध्या हिशेबात आहे.

यासाठी वापरावयाचा एक्सायमर लेसर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण देतो. प्रत्येक स्पंदागणिक सु. पाव मायक्रॉन ऊतक उडून जाते व आजूबाजूचा भाग जवळजवळ तापत नाही. हा गुण १९८१ मध्ये अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या संशोधनशाळेत भारतात जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन्, जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम यांनी ओळखला. स्टीव्हन ट्रोकेल या नेत्रवैद्यांनी श्रीनिवासन् यांच्या सहकार्याने १९८३ मध्ये स्वच्छमंडलावरील त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. त्यापूर्वी मॉस्को येथील स्व्यातोस्लाव्ह फ्योदोरोव्ह यांची, स्वच्छमंडलावर चाकूने अरीय (आऱ्यांसारखे) छेद घेण्याची पद्धत प्रचारात होती. तिच्या अमेरिकेतील दहा वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ४३ टक्के डोळे पहिल्या सहा महिन्यांनंतरही दूरदृष्टितेकडे १ डायॉप्टर किंवा अधिक सरकत गेल्याचे त्यांत दिसून आले. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर चांगले दिसले, तरी तेवढ्यावरून निर्णय देता येत नाही, हा धडा या क्षेत्राला तेथे मिळाला.

प्रकार व जखमेचे स्वरूप : सुधारणा किती लवकर होते हे जखम कोठे आणि किती मोठी आहे यावर ठरते. पीआरके या सर्वांत जुन्या पद्धतीत उपकला खरवडून काढतात व उघड्या पृष्ठावर लेसर सोडतात. लॅसिक पद्धतीत स्वच्छमंडलाचा सुमारे १०० ते १६० मायक्रॉन जाडीचा गोल पापुद्रा एका बाजूस बिजागरीसारखा जोडलेला ठेवून उचलतात, खालच्या थरावर लेसर चालवितात आणि पापुद्रा पूर्ववत बसवितात. या पद्धतीच्या प्रारंभीच्या विकासात ग्रीसमधील क्रीट बेटावरचे इओआनिस पालीकारिस यांचा वाटा मोठा आहे. पापुद्रा पूर्वी यांत्रिक पात्याने कापीत असत. २००१ नंतर फेम्टोसेकंद लेसरचाही वापर होऊ लागला. स्माईल ही तिसरी पद्धत होय. तीत फेम्टोसेकंद लेसरने आतल्या आत भिंगाच्या आकाराची चकती कोरतात आणि ती २ ते ४ मिमी. लांबीच्या छेदातून बाहेर काढतात. अमेरिकेत या पद्धतीला २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

सुधारणेचा क्रम : लॅसिकनंतर काही तास डोळ्यांत जळजळ, खुपणे, पाणी येणे आणि उजेड सहन न होणे हा त्रास होतो व झोपेनंतर तो पुष्कळ कमी होतो. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना चष्म्याशिवाय वाचता व हिंडता-फिरता येते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल डाग दिसल्यास ते चूषण-कड्याच्या दाबाने झालेल्या रक्तस्रावाचे असतात व दोन-तीन आठवड्यांत विरतात. पीआरकेनंतरचे पहिले दिवस अधिक क्लेशाचे जातात. उपकला भरून येण्यास तीन ते पाच दिवस लागतात. तोवर पट्टीसारखे काम करणारे मऊ स्पर्शभिंग बसवून ठेवतात आणि दृष्टी स्थिरावण्यास काही आठवडे, क्वचित महिने जातात. स्माईलनंतर दृष्टी लॅसिकपेक्षा किंचित सावकाश निवळते.

रुग्णाला दिसू लागणे व जखम भरणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ध्यानात न आल्याने पुष्कळ घोटाळे होतात. लॅसिकचा पापुद्रा कडेने जुळून येतो. परंतु मधल्या भागात तो मूळच्या बळाने कधीच चिकटत नाही. कित्येक वर्षांनी चेंडू, बोट किंवा झाडाची फांदी लागून तो सरकल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. म्हणून पहिले काही दिवस झोपताना डोळ्यांवर संरक्षक झाकण लावणे व डोळे मुळीच न चोळणे आवश्यक असते. काजळ, सुरमा व अन्य प्रसाधने निदान दोन आठवडे आणि अंगाला अंग भिडणारे खेळ निदान महिनाभर वर्ज्य समजावेत. विहीर, नदी किंवा तलाव यांत पोहणे एक ते दोन महिने टाळावे. शस्त्रक्रिया होळी-रंगपंचमीच्या सुमारास करून घेणे तर अविचाराचेच होय. पहिली तपासणी २४ ते ४८ तासांत झालीच पाहिजे. वेदना कमी होण्याऐवजी वाढू लागली, दृष्टी अचानक मंदावली किंवा डोळा अधिक लाल झाला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

शुष्कता : सर्वाधिक आढळणारा दुष्परिणाम हाच आहे. स्वच्छमंडल हे शरीरातील अत्यंत संवेदनशील ऊतकांपैकी एक असून त्यातील तंत्रिका (मज्जा) पृष्ठभाग कोरडा पडल्याची सूचना मेंदूला देतात. त्या सूचनेनुसार अश्रुग्रंथी स्रवतात व पापणी लवते. पापुद्रा कापताना बिजागरीची बाजू सोडून या तंत्रिका तुटतात, उपकलेलगतचे जाळे पीआरकेत नष्ट होते आणि परिणामी हे चक्र मंदावते. डोळा कोरडा असूनही त्याची जाणीव कमी होणे आणि मधूनच पाण्याच्या धारा लागणे या परस्परविरोधी वाटणाऱ्या तक्रारी त्यामुळे एकाच रुग्णात दिसतात. अश्रूंचा थर विसकळीत झाला की दृष्टी पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर बदलते. अशा रुग्णाला शस्त्रक्रिया फसली असे वाटते, वास्तविक उपाय कृत्रिम अश्रूंचा असतो. तंत्रिका पुन्हा वाढतात व संवेदना साधारणपणे सहा महिने ते एक वर्ष एवढ्या काळात बऱ्याच अंशी परत येते. स्माईलमध्ये छेद लहान असल्याने सुरुवातीची शुष्कता कमी असते. मूळचीच शुष्कता, संधिवाताभ आजार किंवा रजोनिवृत्ती यांमुळे ती लांबू शकते. थोड्या रुग्णांत तंत्रिकांची वाढ सदोष होऊन तपासणीत काहीही न दिसता डोळ्यात सतत जळजळ वा वेदना राहते. ही अवस्था विरळा असली, तरी ती मानसिक समजून झटकणे चुकीचे आहे. वेदनेवरील तज्ञांचे साहाय्य तीत घ्यावे लागते.

रात्रीची दृष्टी : अंधारात डोळ्याची बाहुली विस्फारते. लेसरने घडविलेल्या क्षेत्राच्या कडेजवळून किंवा तिच्या बाहेरून येणारे किरण मग मधल्या किरणांबरोबर एका बिंदूत मिळत नाहीत. त्यातच निकटदृष्टितेच्या उपचारात स्वच्छमंडलाचा मधला भाग सपाट होऊन त्याची नैसर्गिक घडण उलटते व गोलीय विपथन वाढते. दिव्यांभोवती तेजोवलये दिसणे, किरण फाकणे, डोळे दिपणे, दुहेरी प्रतिमा आणि फिकट आकृती पार्श्वभूमीपासून वेगळी न ओळखता येणे ही त्याची फळे होत. दोष मोठा व उपचारक्षेत्र लहान असेल, तर त्रास जास्त. समोरच्या वाहनांचे प्रखर दिवे झेलीत रात्री महामार्गावर दुचाकी किंवा मालमोटार चालविणाऱ्यास ही गोष्ट किरकोळ नाही. अक्षरांच्या तक्त्यावर मात्र यातले काहीच उमटत नाही. उजेडात, काळ्या ठळक अक्षरांवर त्याच व्यक्तीची दृष्टी ६/६ भरते.

या विसंगतीचा शास्त्रशुद्ध अभ्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने राष्ट्रीय नेत्रसंस्था व संरक्षण विभाग यांच्यासह २००९ मध्ये हाती घेतला. नौदलातील २६२ व नागरी ३१२ अशा लॅसिकच्या रुग्णांकडून त्यांनी स्वतः भरावयाच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या. शस्त्रक्रियेपूर्वी तेजोवलयांसारखी कोणतीही तक्रार नसलेल्यांपैकी ४३ ते ४६ टक्क्यांनी तीन महिन्यांनंतर निदान एक नवी तक्रार नोंदविली. पूर्वी शुष्कता नसलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांत ती उद्‌भवली. दुसरीकडे ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण आपल्या दृष्टीबाबत समाधानी होते आणि दैनंदिन व्यवहारात फार अडचण आलेले १ टक्क्याहून कमी होते. हे दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत. जाहिराती दुसराच उचलतात व विरोधक पहिला. वैद्याला तोंडी सांगण्यापेक्षा प्रश्नावलीत तक्रार नोंदविण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते, ही त्या अभ्यासातील बाब रुग्णालयांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

इतर उपद्रव : जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाल्यास गंभीर असतो, त्यासाठी प्रतिजैविकाचे थेंब देतात. लॅसिकनंतर पहिल्या आठवड्यात पापुद्र्याखाली निर्जंतुक शोथ होऊन वाळूच्या लाटांसारखी नक्षी दिसते; तिला नेत्रवैद्यांच्या बोलीत ‘सहारातील वाळू’ म्हणतात. तातडीने स्टेरॉइड थेंब दिल्यास तो बहुधा शमतो. पापुद्र्यास चुण्या पडणे किंवा त्याखाली उपकला वाढत जाणे यांसाठी कधी तो पुन्हा उचलावा लागतो. पीआरकेनंतर, विशेषतः मोठ्या दोषात, स्वच्छमंडल धुरकट होण्याचा संभव असतो. तो टाळण्यासाठी मायटोमायसीन-सी हे द्रव्य ०·०२ टक्के प्रमाणात क्षणभर लावतात. पीआरकेत स्टेरॉइड थेंब अनेक आठवडे चालतात व त्यांनी काही व्यक्तींत नेत्रदाब वाढतो. येथे एक फसगत संभवते : पातळ झालेल्या स्वच्छमंडलावर मोजलेला दाब प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो व काचबिंदूची सुरुवात नजरेतून निसटते. थेंब दुकानातून परस्पर घेऊन लांबविणे म्हणूनच धोक्याचे आहे.

सर्वांत भयावह उपद्रव म्हणजे स्वच्छमंडल दुबळे होऊन पुढे फुगत जाणे. लॅसिकनंतरच्या अशा रुग्णांचे वर्णन थिओ झाइलर यांनी १९९८ मध्ये प्रथम केले. तो महिन्यांनी, कधी वर्षांनी उद्‌भवतो. पापुद्र्याखाली निदान २५० मायक्रॉन, आणि अनेक शस्त्रवैद्यांच्या मते ३०० मायक्रॉन, ऊतक शिल्लक राहिले पाहिजे असा दंडक आहे. ५०० मायक्रॉन जाडीचे स्वच्छमंडल, ११० मायक्रॉनचा पापुद्रा व १० डायॉप्टरचा दोष घेतल्यास शेष २७० मायक्रॉन राहते. अशा व्यक्तीस नकार देणारा शस्त्रवैद्य तिचे हितच पाहत असतो. शंक्वाकार स्वच्छमंडलाचा सुप्त दोष असणाऱ्यास जाडी पुरेशी असूनही शस्त्रक्रिया वर्ज्य आहे. तो ओळखण्यासाठी पृष्ठाचा नकाशा काढतात आणि त्यापूर्वी मऊ स्पर्शभिंगे सुमारे दोन आठवडे, कडक त्याहून अधिक काळ बंद ठेवावी लागतात, कारण त्यांच्या दाबाने आकार बदललेला असतो. फुगवटा आढळल्यास रिबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) व जंबुपार किरण यांनी कोलॅजेन तंतूंत आडबंध निर्माण करून तो थोपवितात. गेलेला आकार त्याने पुरता परत येत नाही.

वयाची १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी, नंबर किमान वर्षभर स्थिर नसताना, तसेच गर्भारपणी व अंगावर पाजीत असताना ही शस्त्रक्रिया करीत नाहीत.

उत्तरायुष्यातील परिणाम : डोळ्यातील नैसर्गिक भिंगाचे वार्धक्य लेसरने थांबत नाही. मराठीत जवळच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात, ती चाळिशी यथाकाल लागतेच. उलट, मध्यम निकटदृष्टिता असलेला मनुष्य या वयात चष्मा काढून सहज वाचू शकतो व ती सोय तो शस्त्रक्रियेने गमावून बसतो. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्यास हे आधी सांगितले जात नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. एक डोळा दूरसाठी व दुसरा जवळसाठी ठेवण्याची युक्ती काहींना मानवते, सर्वांना नाही. निकटदृष्टी डोळा लांबट असतो व ती लांबी शस्त्रक्रियेनंतरही तशीच राहते. त्यामुळे जालपटल सुटण्याचा धोका कायम राहतो. चष्मा गेला म्हणून जालपटलाची नियमित तपासणी सोडता येत नाही. पुढे मोतीबिंदू झाल्यास बसवावयाच्या कृत्रिम भिंगाची शक्ती स्वच्छमंडलाच्या वक्रतेवरून काढतात, आणि वक्रता बदललेल्या डोळ्यात नेहमीची सूत्रे चुकून रुग्णास दूरदृष्टिता येते. यासाठी सुधारित सूत्रे उपलब्ध आहेत; तथापि शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, वक्रतेची मापे व काढलेल्या ऊतकाची खोली यांची नोंद रुग्णाने स्वतःजवळ जपून ठेवल्यास वीस-तीस वर्षांनी दुसऱ्या शस्त्रवैद्याला हा हिशेब अधिक अचूकपणे करता येतो.