पद्मिनीच्या टाकीत आपलाच ऊस

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. तेव्हापासून जुनी गाडी कुठे अडली की दोष इथेनॉलच्या माथी मारून माणसं मोकळी होतात. परवा माझी प्रीमियर पद्मिनी सोलापूरच्या आसरा पुलाच्या चढावर आचके देत बंद पडली, तेव्हा मागच्या रिक्षावाल्याने गाडी ढकलता ढकलता तेच निदान केलं. माझ्याही मनात तेच होतं.

मिस्त्रींनी मात्र बॉनेट उघडून कार्बोरेटरला हातही लावला नाही. उभं आयुष्य फियाटच्या इंजिनात गेलेला हा माणूस. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी चारही प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. "गाडी काय सांगतीय ते आधी बघा की साहेब," म्हणाले. काजळी धरलेला काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त. विटकरी, तपकिरी रंग आला तर सगळं बेताचं. माझे चारही पांढरट निघाले. पण मामांनी तेवढ्यावर निकाल दिला नाही. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून त्यांनी इंजिन फिरवायला लावलं. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्येच मोठी ठिणगी उडत होती आणि त्यांची टोकं जळून खडबडीत झाली होती. कंडेन्सर गेला होता. तो आणि पॉइंट बदलले, तेव्हा आचके निम्म्याने कमी झाले.

हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण जुन्या गाडीवाल्यांची नेहमीची चूक इथेच होते. गाडी मिसिंग करायला लागली की पहिला पाना कार्बोरेटरवर पडतो. प्लग, पॉइंट, कंडेन्सर बघितल्याशिवाय तो उघडूच नये. त्यानंतर टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या एसी पंपातून ते नीट येतंय का ते पाहायचं, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

उरलेला आजार मात्र खरोखर कार्बोरेटरचाच होता. सोलेक्स कार्बोरेटरचं वरचं झाकण काढून फ्लोट चेंबर रिकामा केला, तर तळाशी कारळांसारखे काळे कण. पेट्रोलचा रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसत होता. मामांनी तो वाकवून दाखवला, तर आतून भेगाळलेला. त्याचाच चुरा जेटच्या तोंडाशी साचला होता. या कामात इथेनॉलचा हात असतो हे नाकारता येणार नाही. जुन्या गाड्यांचे रबर आणि डायफ्रॅम इथेनॉलचा विचार करून बनवलेले नाहीत. शिवाय टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला राळेसारखा थर ते सोडवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की त्या पाण्याने टाकी आतून गंजते.

पांढऱ्या प्लगचा उलगडा यापुढे आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. वीस टक्के मिसळलं की ही गरज साडेतेरापर्यंत उतरते. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून जास्त इंधन सोडतो. कार्बोरेटरला ते कळायला मार्गच नाही. पितळी जेटचं भोक जेवढं, तेवढंच पेट्रोल जाणार. म्हणजे मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी पातळ. इंजिन तापतं, पिकअप मरतो, चढावर दम लागतो. याची घरगुती परीक्षा सोपी आहे: गरम इंजिनावर चोक थोडा ओढून बघा. गाडी सुधारली, तर ती पेट्रोलला भुकेली आहे.

इलाजही हाताशी आहे. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. समजा १२० चा मेन जेट असेल, तर १२५ चा लावल्यावर भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्क्यांच्या आसपास वाढतं. मात्र जेट साफ करायला तार घालू नका. तारेने भोक मोठं होतं आणि मग कुठलंच गणित जमत नाही. मामा हवा मारतात, नाहीच निघालं तर केरसुणीची काडी.

बाकीच्या तक्रारी झटपट सांगतो. आयडलिंगला गाडी टिकत नसेल, तर स्लो जेट तुंबलेला असतो किंवा बुडाचं गॅस्केट हवा घेत असतं. पेट्रोल ओव्हर होत असेल, तर नीडल व्हॉल्व बघा आणि फ्लोट काढून कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलेला आहे.

ही गाडी आणि हे इंधन, दोन्हींचं मूळ आपल्याकडेच निघतं, हे मला राहून राहून जाणवतं. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्याच कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे १०८९ सीसीची फियाट, मग पद्मिनी बाहेर पडली. रावळगाव आणि वालचंदनगरचे साखर कारखानेही त्यांचेच. आज आपल्या जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत आणि इथेनॉलच्या पैशाने उसाचं बिल वेळेवर मिळायला मदत होते. त्यामुळे इथेनॉलला शिव्या देणं मला जमणार नाही.

पण ई-२० वरच्या तक्रारींना पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेलं उत्तर मला पटलेलं नाही. जुन्या गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात, ते स्वस्त काम आहे, असं मंत्रालय म्हणतं. माझी गाडी वर्षाला हजार किलोमीटरही चालत नाही. रबर किलोमीटर मोजत नाही, ते इंधनात किती दिवस भिजलं यावर त्याचं आयुष्य ठरतं. आणि हा प्रश्न माझ्यासारख्या हौशी माणसापुरता नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ येईपर्यंत बहुतेक दुचाकींना कार्बोरेटरच होता. एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या कामगाराची गाडी तीच आहे. त्याला पाइप कधी बदलायचा, जेट कोणता लावायचा, हे कंपन्यांनी मॉडेलनिहाय आणि मराठीत छापून द्यायला हवं. ज्यांना हवं त्यांच्यासाठी बिनमिश्रणाचं साधं पेट्रोल परवडणाऱ्या दरात एखाद्या पंपावर ठेवायला हवं. ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल, तर पेट्रोल पाइप बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला गेला की एसी पंपात पेट्रोलची वाफ धरते. तेव्हा आपला सोलापुरी टॉवेल ओला करून, पिळून पंपावर गुंडाळायचा. पाणी उडतं तसा पंप निवतो आणि दहा-पंधरा मिनिटांत गाडी सुरू होते. माझ्या डिकीत एक टॉवेल कायमचा आहे.

मामांनी नवा पाइप घातला, पुढच्या आकड्याचा जेट बसवला. आसरा पूल गाडी टॉप गिअरमध्ये चढली. जुना जेट त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिला. "टाकू नका, ठेवा. साधं पेट्रोल मिळायला लागलं तर हाच परत लावू." पुडी डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.