ब्रीदवाक्याचा मालक कोण?

एडिंबरोच्या बाजारात आपले आडनाव सांगितले की ढाल, शिरोचिन्ह आणि एक लॅटिन वाक्य छापलेला रंगीत कागद हाती पडतो. आणि पूर्वजांचा मुलूख पाहावयास अमेरिकेहून किंवा कॅनडाहून आलेला गृहस्थ घराण्याची हरवलेली सनदच गवसल्याच्या समाधानात तो घेऊन परततो. हे समाधान निरुपद्रवी असले तरी त्यामागील समजुती बहुतांशी निराधार आहेत.

ढाल व ब्रीद आडनावाच्या प्रत्येकाचे, हा सर्वांत रुळलेला गैरसमज. स्कॉटलंडच्या कायद्यात ती एका व्यक्तीची वंशपरंपरागत मालमत्ता असते. 1672 च्या कायद्याने तिचे सार्वजनिक दप्तर उभे राहिले, ते लॉर्ड लायन या अधिकाऱ्याच्या ताब्यात असते, आणि त्याच्या न्यायासनाला बेकायदा चिन्हे उतरवण्यापर्यंतचे फौजदारी अधिकार आजही आहेत. कॅम्बेल आडनावाची माणसे जगभर विखुरलेली आहेत. परंतु ‘ने ओब्लिविस्कारिस’, अर्थात ‘विसरू नकोस’, हे ब्रीद कुलप्रमुख म्हणून आर्गाइलच्या ड्यूकच्या नावे आहे. इतरांसाठी रिवाजाने एक सभ्य तोड काढली आहे : प्रमुखाचे शिरोचिन्ह मध्ये, भोवती बक्कल लावलेला पट्टा, पट्ट्यावर ब्रीद, असा बिल्ला टोपीला लावावा. तो लावणारा आपण त्या प्रमुखाचे अनुयायी आहोत एवढेच जाहीर करतो. मालकीचा दावा त्यात नसतो.

ब्रीद लॅटिनच असते, हेही खरे नव्हे. मॅक्लाउडांचे ‘होल्ड फास्ट’ इंग्रजीत, डग्लसांचे फ्रेंचमध्ये, मॅग्रेगरांचे गेलिकमध्ये. आणि मॅकिंटॉशांचे, हातमोज्यावाचून मांजराला हात लावू नये असा सल्ला देणारे, अस्सल स्कॉट्स बोलीत आहे. (या मांजराचा दरारा लॅटिनमध्ये उतरला असता, याविषयी मी साशंक आहे.) साक्षात ब्रिटिश राजचिन्हावरील ‘दिय अे माँ द्र्वा’ ही अक्षरे फ्रेंचच आहेत. जेथे लॅटिन आहे तेथेही रोमन काळाशी नाते जोडणे व्यर्थ, कारण ढालीवरील वंशपरंपरागत चिन्हांची पद्धत बाराव्या शतकातील, आणि पश्चिम रोमन साम्राज्य 476 मध्येच लयास गेले होते.

ब्रीद म्हणजे रणघोष, ही कल्पनाही अशीच. गेलिकभाषी कॅम्बेल रणात आपल्या प्रदेशातील पर्वताचे ‘क्रूआखन’ हे नाव गर्जत. लॅटिन ब्रीद हा कागदोपत्रांचा आणि दरबारी रीतीचा मामला.

शिवाय सीमेपलीकडे नियम बदलतात. स्कॉटलंडमध्ये ब्रीद सनदेतच नमूद होते आणि बहुधा शिरोचिन्हावर मांडले जाते. इंग्लंडमध्ये ते सामान्यतः ढालीखाली असते आणि मालकास आपल्या मर्जीने बदलताही येते. ब्रीद लॅटिनच हवे असे नाही, याचा जवळचा दाखला मुंबईकरास सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या घराण्यात सापडेल. चीनशी केलेल्या व्यापारात, ज्यात अफूचाही वाटा होता, त्यांनी संपत्ती मिळवली. रुग्णालयास व कलाशाळेस मुक्तहस्ताने दिले. 1857 मध्ये बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. त्या घराण्याच्या चिन्हावर ‘उद्योग आणि औदार्य’ या अर्थाचे शब्द आहेत, आणि तेही इंग्रजीत.