२०६ च्या हिशेबाबाहेरची हाडे

नवी दिल्ली : प्रौढ मानवी शरीरात २०६ हाडे असतात, हे शालेय पाठ्यपुस्तकातील विधान सर्वांच्या परिचयाचे आहे. मात्र हातापायांची क्ष-किरण छायाचित्रे पाहिल्यास जवळजवळ प्रत्येक व्यक्तीत या संख्येहून अधिक हाडे आढळतात. ‘सेसमॉइड’ या नावाने ओळखली जाणारी ही लहान हाडे सामान्यतः निरुपद्रवी असतात. त्यांच्याविषयी पुरेशी जाण नसेल, तर निरोगी हाड मोडलेले समजले जाण्याची आणि मोडलेले हाड निरोगी समजले जाण्याची अशा दोन्ही चुका संभवतात.

ग्रीक भाषेत तिळाला ‘सेसामॉन’ म्हणतात. आकाराने तिळाची आठवण करून देणारी हाडे म्हणून हे नाव पडले. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या बळकट पट्टीला कंडरा म्हणतात. जेथे कंडरा सांध्यावरून वळते आणि तिच्यावर दाब येतो, तेथे तिच्या आत ही हाडे तयार होतात. त्यांच्यामुळे कंडरेचे घर्षण कमी होते, दाब विभागला जातो आणि तरफेच्या तत्त्वानुसार स्नायूची ओढ अधिक परिणामकारक ठरते.

या वर्गातील सर्वांत मोठे हाड म्हणजे गुडघ्याची वाटी. ती आणि मनगटातील वाटाण्याच्या आकाराचे एक हाड यांचा समावेश २०६ मध्ये होतो. इतर सेसमॉइड हाडे मोजली जात नाहीत. त्यांची संख्या व्यक्तीनुसार बदलते, हे यामागील एक प्रमुख कारण आहे.

हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूस, अशी दोन हाडे जवळजवळ प्रत्येकात असतात. करंगळीच्या मुळाशी ती बहुसंख्य लोकांत दिसतात, तर तर्जनीच्या मुळाशी त्याहून कमी लोकांत. मध्यमा आणि अनामिका या बोटांत मात्र ती क्वचितच आढळतात. पायात अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याखाली, दोन हाडांची जोडी जवळपास हमखास असते. दोन्ही हातांच्या आणि दोन्ही पायांच्या अंगठ्यांखालील ही आठ हाडे हिशेबात धरली, तरी एकूण संख्या २१४ होते.

ही हाडे जन्मतः अस्थिरूप नसतात. प्रथम त्या जागी कूर्चा असते आणि पुढे तिचे हाडात रूपांतर होते. हाताच्या अंगठ्याजवळील सेसमॉइड हाड मुलींमध्ये साधारण ११ व्या आणि मुलांमध्ये साधारण १३ व्या वर्षाच्या आसपास क्ष-किरण छायाचित्रात दिसू लागते. पौगंडावस्थेतील वाढीच्या वेगाशी त्याचा संबंध असल्यामुळे, दात व जबडा सरळ करण्याचे उपचार केव्हा सुरू करावेत हे ठरवताना दंतवैद्य त्याचा उपयोग करतात. तथापि, ही वये सरासरी आहेत. एखाद्या मुलात हे हाड उशिरा दिसले, तर एवढ्यावरून वाढ खुंटली असा निष्कर्ष काढता येत नाही.

निदानातील खरी अडचण पायाच्या अंगठ्याखाली उद्भवते. तेथील दोन हाडांपैकी आतल्या बाजूचे हाड काही लोकांत जन्मजात दोन भागांत असते. वाढीच्या काळात हाडाची दोन केंद्रे एकमेकांशी जुळली नाहीत, की अशी रचना राहते. त्यात कोणताही आजार नसतो आणि अनेकांना ती आयुष्यभर कळतही नाही. पाय मुरगळल्यानंतर किंवा ठेच लागल्यानंतर काढलेल्या छायाचित्रात मात्र हेच दोन तुकडे अस्थिभंगासारखे भासू शकतात.

दोन्हींतील फरक ओळखण्यासाठी तज्ज्ञ तुकड्यांच्या कडा तपासतात. जन्मजात विभागलेल्या हाडाच्या कडा गुळगुळीत व गोलसर असतात आणि दोन्ही भाग एकत्र धरल्यास ते सामान्य अखंड हाडाहून मोठे भरतात. ताज्या अस्थिभंगात कडा तीक्ष्ण व ओबडधोबड दिसतात आणि तुकडे एकमेकांत बसतील असे असतात. शंका राहिल्यास एमआरआय किंवा अस्थिस्कॅन केला जातो. दुसऱ्या पायाचे छायाचित्र उपयुक्त ठरते. परंतु जन्मजात विभागणी एकाच पायात असू शकत असल्याने केवळ त्या तुलनेवर विसंबता येत नाही.

उलट चूकही तितकीच त्रासदायक ठरते. धावपटू, नर्तक आणि चवड्यावर सतत भार देणाऱ्या व्यक्तींमध्ये या हाडांना सूज येते किंवा वारंवारच्या ताणामुळे बारीक भेग पडते. दुखणे हळूहळू वाढते आणि पाऊल उचलताना अंगठा वाकला की ते अधिक जाणवते. ‘जन्मजातच असेल’ असे समजून सराव सुरू ठेवल्यास भेग भरून येण्यास विलंब होतो. विश्रांती, कडक तळव्याचे व कमी टाचेचे पादत्राण आणि दुखऱ्या जागेवरील भार हलका करणारी गादी हे प्राथमिक उपचार होत. हाड काढून टाकल्यास अंगठा वाकडा होण्याचा धोका असल्याने शस्त्रक्रिया हा शेवटचा पर्याय मानला जातो.

भारतात या विषयाला मधुमेहाचा आणखी एक संदर्भ आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. दीर्घकालीन मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. अशा वेळी अंगठ्याखालील या हाडांचा दाब त्वचेवर सतत पडत राहतो; तेथे घट्टा पडतो आणि त्याखाली जखम झाली तरी ती दुखत नाही. म्हणूनच मधुमेही व्यक्तींनी रोज तळपाय पाहावेत आणि अनवाणी चालणे टाळावे, असा सल्ला दिला जातो. चवड्यावरचा घट्टा घरच्या घरी ब्लेडने कापणेही धोक्याचे असते.

अंगठ्याखालील हाड मोडल्याचे निदान झाल्यास, दुखणे नेमके त्याच जागी आहे का आणि तुकड्यांच्या कडा कशा आहेत, हे रुग्णाने डॉक्टरांना विचारावे. पायाची जुनी क्ष-किरण छायाचित्रे जपून ठेवणेही हिताचे असते. दुखापतीपूर्वीच्या छायाचित्रात तेच दोन तुकडे तशाच कडांसह दिसले, तर ती रचना जुनीच असल्याचे बहुधा स्पष्ट होते आणि अनावश्यक प्लास्टर टळू शकते.